शकुंतलेच्या वाटेवरची सोयरीक

यवतमाळहून अचलपूरला पायी जायचं, आणि तेही शकुंतला गाडीच्या रुळांच्या कडेकडेनं, हे ठरलं मैत्रिणीच्या आईमुळे. काकूंचं माहेर दारव्ह्याकडचं आणि सासर दर्यापूरचं. लग्न झालं तेव्हा त्या याच गाडीनं सासरी आल्या आणि पुढं कितीतरी वर्षं दिवाळीला याच गाडीनं माहेरी गेल्या. मूर्तिजापूरला उतरायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं, सोबत पोरं आणि फराळाचा डबा. त्या सांगत तेव्हा स्टेशनांची नावं एका दमात म्हणत. ती गावं आपण एकदा पायांनी पाहू, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूर्तिजापूर हे मधलं जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. रूळ अडीच फूट रुंदीचे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोचावा म्हणून इंग्रजी अमलात एका खासगी कंपनीनं ही लाइन टाकली. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडेच राहिली, गाडी मात्र रेल्वे चालवायची. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिच्या पुढं होतं, मग डिझेल आलं. आता दोन्हीकडची गाडी बंद आहे. गाडी पुन्हा सुरू करा, रूळ रुंद करा, ही मागणी आम्हाला वाटेत जवळजवळ प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू आली.

दिवाळी उरकली आणि निघालो. कार्तिक महिना चालायला चांगला. पहाटे गारवा असतो, पावसानं चिघळलेली काळी माती वाळून पायाखाली कडक झालेली असते आणि शेतात माणूस असतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात याच वाटेवर कोसभर चिटपाखरू भेटत नाही. कार्तिकात कापसाची वेचणी चालू असते, त्यामुळे वाट विचारायला प्रत्येक वावरात कोणीतरी असतंच. पाठीवर दोन कपड्यांचे जोड, एक पातळ गोधडी, विजेरी, सुती मोज्यांचे तीन जोड, खोबरेल तेल, आधार कार्डाची प्रत आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. रुळांवरून चालायचं नाही हे आधीच ठरलं होतं. एक तर ती जागा रेल्वेची, आणि दुसरं म्हणजे बाभळी, तरवड आणि टणटणीनं कित्येक ठिकाणी रूळ गिळून टाकलेत. आम्ही पांदण रस्त्यांनी आणि गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यांनी चालत होतो आणि अधूनमधून रुळांना भेटून येत होतो. गवताची कुसळं मोज्यांत अशी रुततात की संध्याकाळी ती काढत बसणं हे एक कामच होऊन बसतं. तीन जोड त्यासाठीच.

यवतमाळ ते लाडखेड हा टप्पा उंचसखल आहे, झाडी बरी आहे, सावली मिळते. तिथं फारसं थांबावं लागलं नाही. खरी सुरुवात लाडखेडच्या अलीकडे एका पारावर झाली. चार म्हातारी माणसं बसली होती. एका आबाजींनी हाक दिली.

"कोनत्या गावच्या व्हय बाई तुमी?"

सांगितलं.

"अन् पायी कायले निंगाल्या? गाडी नाही भेटली काय?"

शकुंतलेच्या वाटेनं अचलपूरपर्यंत जायचंय म्हटल्यावर पाराचा रंगच पालटला. कोण पहिल्यांदा कधी बसलं, तिकीट किती होतं, कापसाच्या गाठी कुठं चढवत, इंजिनात पाणी कुठं भरत. आबाजी मैत्रिणीकडे वळले आणि पुढचे प्रश्न सुरू झाले. वडिलांचं गाव कोणतं? आईचं माहेर? मामा काय करतात? शहरात वाढलेल्या माणसाला ही चौकशी खुपते. मला त्या पारावर बसून तिचं काम कळलं. आम्ही कोण, हे ठरवायला त्यांना आमचा हुद्दा नको होता. आमच्या कोणत्या नातेवाइकाला आपण ओळखतो, हा एक धागा हवा होता. तो पाचेक मिनिटांत सापडला. काकूंच्या माहेरच्या आळीतली एक मुलगी आबाजींच्या पुतण्याला दिलेली निघाली. "मंग तं तू आपलीच पोट्टी व्हय," आबाजी म्हणाले आणि खिशातून फोन काढला.

तो फोन दारव्ह्याला गेला. तिथल्या घरी आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा अंगणात बादलीभर गरम पाणी तयार होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरातून कारंज्याच्या अलीकडच्या गावी फोन गेला. तिथून कारंज्याला. असं करत करत शेवटपर्यंत. आम्ही मुक्कामाची जागा शोधायची म्हणून ग्रामपंचायती, शाळा, मारुतीची देवळं अशी यादी करून नेली होती. ती वहीतच राहिली. एका गावात देवळाच्या ओसरीवर पाठपिशव्या टेकवल्या, तर समोरच्या घरातल्या मावशी पदर खोचून आल्या. "देवळात कायले झोपता? आमचं घर नाही काय?" पिशव्या त्यांनीच उचलल्या.

दोन बायका पायी चालतात याची त्यांना काळजी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. पण काळजीचं रूप उपदेशाचं नव्हतं. गावातला एखादा मुलगा सायकल हातात धरून पुढच्या फाट्यापर्यंत सोबत यायचा. कोणी म्हणायचं, त्या नाल्याकडून नका जाऊ, संध्याकाळी तिकडे रानडुकरं निघतात, धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, जा. पोलीस पाटलांना आमचं येणं बहुतेक वेळा आमच्या आधी कळलेलं असायचं. आधार कार्ड एकानेच मागितलं आणि ते बघून झाल्यावर चहाला थांबवलं. तरीही, जे कोणी असं जातील त्यांनी पोलीस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या कानावर आपण होऊन घालावं, आणि दुपारी चारच्या आत गावात पोचावं. अंधार पडल्यावर अनोळखी माणूस दारात आला की गावाची पंचाईत होते.

कारंजा लाड हे जुनं, वेशींचं गाव. दारव्हा वेशीकडून आत शिरलो. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान, त्यामुळे गुरुमंदिरात कायम गर्दी. जैनांची जुनी मंदिरंही इथं आहेत. आम्ही पहाटे काकड्याला गेलो. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत वऱ्हाडातल्या जवळपास प्रत्येक गावात पहाटे काकडा असतो, आणि पायी चालणाऱ्याला तो फार सोयीचा. गाव चार-साडेचारला जागं होतं, टाळ वाजतात, आपणही उठतो, चहा मिळतो आणि उजाडायच्या आत वाटेला लागता येतं.

मूर्तिजापुरात मला थांबायचंच होतं, गाडगेबाबांसाठी. त्यांचं बालपण याच तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलं, जन्म पलीकडे अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ सालचा. म्हणजे आमची वाट त्यांच्या आजोळापासून जन्मगावाकडे जाणारी. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि आयुष्यभर पायी. मूर्तिजापूरच्या त्यांच्या गोरक्षणात एका सेवेकऱ्यांनी आम्हाला जेवायला बसवलं, नाव-गाव न विचारता. साऱ्या वाटेवर चौकशीशिवाय पान वाढलं गेलेली ही एकच जागा. तिथं आधी पान मांडतात, ही बाबांची शिस्त अजून टिकून आहे, आणि ते पाहून मला खरोखर भरून आलं.

मूर्तिजापूर सोडून लाखपुरीकडे निघालं की देश बदलतो. झाडं कमी होतात, जमीन सपाट होत जाते, इतकी की दूरवरच्या माणसाच्या डोक्यावरचं मुंडासं दिसतं. ही पूर्णेची खोरी. माती खोल, काळी, भेगाळलेली. आणि खाली पाणी असून नसल्यासारखं, कारण ते खारं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा खारपाणपट्टा पसरलाय. नदीनं आणलेल्या गाळाचे जाड थर, त्यात साठलेले क्षार. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं आणि तोंडात घेववत नाही. पिकाला दिलं तर माती चिकट होऊन दगडासारखी आवळते. म्हणून इथली शेती पावसावरची: कापूस, तूर, मूग आणि पाऊस सरल्यावर ओलीवर पेरलेला हरभरा.

हे सगळं मला कागदावर माहीत होतं. पूर्णा ओलांडल्यावर एका गावात मी सवयीनं हातपंपाकडे वळले आणि बाटली लावली, तर एक आजी काठी टेकत धावत आल्या.

"नोको माय, नोको! हे वापराचं पानी व्हय. पेयाचं घरात हाय."

घरात नेलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकलेले दोन गुंड आणि एक माठ. शहानूर धरणाचं पाणी नळयोजनेतून येतं, पण रोज येत नाही. आलं की भरून ठेवायचं आणि पुरवायचं. त्या पट्ट्यातल्या घरांत पिण्याचं पाणी वेगळ्या जागी असतं, त्याचा गडवा वेगळा असतो आणि लहान पोरंसुद्धा त्यात हात घालत नाहीत. आजींनी त्या माठातून आमच्या चारही बाटल्या काठोकाठ भरल्या. मी एक पुरे म्हटलं तर त्यांना राग आला. "वाटीनं जानाऱ्याले अर्धी बाटली देऊ काय?"

त्या वेळी त्यांच्या घरचे दोघं मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी अकोल्याच्या फेऱ्या मारत होते. पाण्यामुळेच, असं त्या म्हणाल्या. या पट्ट्यात घरोघर हेच बोललं जातं. इतकी वर्षं झाली, किती योजना आल्या, आणि तरी एका म्हातारीला गोड्या पाण्याचा हिशोब घोटाघोटानं ठेवावा लागतो, याचा मला संताप येतो आणि तो इथं लिहून ठेवते. त्या हिशोबातून त्यांनी आम्हाला चार बाटल्या दिल्या. तिथून पुढं आम्ही पाण्याचं वागणं बदललं. मुक्कामी आंघोळ वापराच्या पाण्यानं, कपडे धुणं बंद, आणि सकाळी बाटल्या भरण्याआधी घरच्या बाईला आज नळ येणार का ते विचारायचं. येणार नसेल तर गावातल्या जारवाल्याकडून थंड पाण्याचा जार विकत घेऊन त्यांच्या ओसरीवर ठेवायचा. पैसे कोणी घेत नाही, पण पाण्याचा जार घेतात.

दर्यापूरच्या आधी वाट वाकडी करून लासूरला गेलो. जो भेटे तो "आनंदेश्वर पाह्यलं काय?" हेच विचारी. पूर्णेच्या काठावरचं हे हेमाडपंती शिवमंदिर यादवांच्या काळचं. मधल्या मंडपाला वर छप्पर नाही, खांबांच्या वर्तुळातून सरळ आभाळ दिसतं. सबंध सपाट प्रदेशात दगडाचं नाव नाही आणि तिथं हे काळ्या पाषाणाचं मंदिर. गावातली दोन पोरं आमच्यासोबत आली आणि प्रत्येक खांबावरचं कोरीवकाम हात लावून दाखवत राहिली, जणू स्वतःच घडवलंय.

दर्यापुरात काकूंचं सासर, त्यामुळे तिथं दोन दिवस अडकलो आणि पायांनाही आराम मिळाला. टाचांना आलेले फोड तिथल्या आत्यांनी मोहाच्या तेलानं शेकले. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दिवाळीचे उरलेले अनारसे. रात्री ओसरीवर सामुदायिक प्रार्थनेचे सूर ऐकू येत होते. तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ इथं गावोगाव आहे.

त्याच ओसरीवर माझ्या मनातली गोष्ट स्पष्ट झाली. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणून घरोघर लेकी माहेरी आलेल्या होत्या. मी विचारत गेले, कुठं दिली तुम्हाला? मूर्तिजापूर. कारंजा. अंजनगाव. दारव्हा. पथ्रोट. एकीमागून एक, सगळी शकुंतलेची स्टेशनं. आत्या म्हणाल्या, "तवाची मान्सं गाडी पाहून पोरगी देत. गाडी जाते तं पोरगी येते, असं होतं. आता दोन एष्ट्या बदला लागते, माहेर लांब झालं." शंभर वर्षं ही गाडी कापसाबरोबर लेकीही नेत-आणत होती. दोन्ही फाट्यांवरच्या गावांची सोयरीक रुळांच्या रेघेवर जुळत गेली, आणि गाडी बंद पडली तरी ती सोयरीक जागेवर आहे. आम्हाला लाडखेडच्या पारावरून अचलपूरपर्यंत हातोहात पोचवलं ते या सोयरिकीनं. फोन करणारे जे नंबर लावत होते ते व्याह्यांचे, साडवांचे, नणदांचे होते. वऱ्हाडी माणूस मोकळा, दिलदार, असं आपण सहज म्हणून जातो. तो आहेच, पण त्या दिलदारीमागं लेकींनी केलेल्या जाण्यायेण्याची केवढी मेहनत आहे, हे मला आधी दिसलं नव्हतं.

कापूसतळणीकडे जाताना वेचणीवाल्या बायांनी आवाज दिला. सकाळचे नऊ वाजले होते, पऱ्हाटीवर दव सुकलं होतं. दव असताना कापूस वेचला तर ओला भरतो, म्हणून त्या थोड्या उशिरा हात लावतात. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हातांनी दोन झाडं. बोंडातून कापूस असा काढायचा की वाळका पाला सोबत येता कामा नये, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. मी तासभर वेचला. बोंडांच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघाल्या. शेजारच्या बाईंची ओटी तोवर दोनदा रिकामी होऊन भरली होती. मजुरी किलोवर, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लावून मोजणी. दुपारी त्यांनी आपापल्या फडक्यांतली भाकर पुढं केली. कोणाकडे चटणी, कोणाकडे मुगाची वडी. प्रत्येकीनं थोडं थोडं आमच्या हातावर ठेवलं, आणि कोणी किती ठेवलं याकडे बाकीच्या बारीक लक्ष ठेवून होत्या. वेचणी सुरू करताना वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवतात, सीतादही, तेही त्यांनीच समजावून सांगितलं. पिकातली पहिली ओंजळ देवीची.

कापूसतळणीपासून उत्तरेला एक निळी रेघ दिसू लागते. तो सातपुडा. अंजनगाव सुर्जी जवळ आलं की खारेपणा मागं पडतो, विहिरीचं पाणी पुन्हा तोंडात घेता येतं, आणि शेतीही पालटते. इथले पानमळे आणि पानपिंपरी प्रसिद्ध. पिंपरीचे वेल मांडवावर चढवलेले, आत दमट, हिरवा अंधार. औषधासाठी ही पिंपरी बाहेर जाते. मळेवाल्या दादांनी एक फळ चावायला दिलं आणि जीभ बराच वेळ चरचरत राहिली. याच सुर्जी-अंजनगावात ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, आणि त्याआधी पंधरा दिवस गाविलगड पडला होता. दादांना ती तारीख तोंडपाठ होती.

पथ्रोटवरून अचलपूरला जाताना डोंगर समोर उभा राहतो आणि पाय आपोआप उचलले जातात. अचलपूर स्टेशनच्या बाहेर मैत्रिणीनं काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी सगळी स्टेशनं पुन्हा एका दमात म्हटली आणि विचारलं, दारव्ह्याची सून आता कशी आहे, तिच्या गुडघ्याचं काय झालं, लाडखेडच्या आबाजींच्या पुतण्याला नोकरी लागली का. ही सगळी उत्तरं आमच्याकडे होती. ती देता देता फोनची बॅटरी संपली आणि उरलेली घरी गेल्यावर दिली.

ज्यांना जायचंय त्यांनी कार्तिक-मार्गशीर्ष धरावा. यवतमाळ ते कारंजा रोज वीस किलोमीटर सहज होतात. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पंधराच्या वर जाऊ नये, ऊन लागतं आणि सावली नाही. लाखपुरी ते कापूसतळणी पिण्याचं पाणी विचारूनच घ्यावं. आणि आईचं, आजीचं माहेर कोणतं, मामा कुठले, हे घरून नीट विचारून निघावं. पारावर पहिला प्रश्न तोच येतो.